खास आवृत्तीच्या रेकॉर्डची परीक्षा

मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ची खास आवृत्ती मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीने २०२२ साली जाहीर केली, तेव्हा जाणकारांना एक आकडा खटकला : ४०,००० प्रती. कंपनीच्या 'वन-स्टेप' पद्धतीत टेप वाजवून कोरलेल्या लॅकरपासून (खाच कोरायची मऊ लेपाची मूळ तबकडी) थेट छपाईचा साचा बनतो, आणि एका साच्यातून फार तर हजारभर रेकॉर्ड निघतात. मग एवढ्या प्रतींसाठी मूळ टेप किती वेळा चालवायची? त्याच वर्षी कंपनीच्या अभियंत्यांनी मान्य केलं, की टेपवरून आधी डीएसडी ही डिजिटल प्रत घेतात आणि लॅकर तिच्यावरून कोरतात. आणि हे काही वर्षांपासून चालू होतं. याच रेकॉर्डना 'अस्सल अ‍ॅनालॉग' (म्हणजे मध्ये डिजिटल टप्पा नसलेल्या) म्हणून वाखाणणारे कान थोडेथोडके नव्हते. डिजिटल टप्प्याने आवाज बिघडतो असं यातून सिद्ध होत नाही. पण वेष्टन वाचून बसलेल्या कानाची साक्ष काढू नये, हे मात्र खरं.

त्याहून मोठी फसवणूक आवाजाच्या पातळीची. अर्धा डेसिबल जास्त असलेली प्रत 'मोठी' वाटत नाही, 'मोकळी' आणि 'भरदार' वाटते. म्हणून जुनी आणि नवी प्रत एकाच टर्नटेबलवर, एकाच सुईने, दोन्ही नीट पुसून, २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर संगणकात ध्वनिमुद्रित करावी. सर्वांत मोठा आघात उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत दोन्हींतला तोच १०-१५ सेकंदांचा तुकडा कापून 'लाउडनेस नॉर्मलायझेशन'ने उणे २३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणावा आणि फूबार २००० या प्लेअरच्या एबीएक्स चाचणीत, म्हणजे समोरचा तुकडा दोहोंपैकी कोणता हे ओळखायच्या खेळात, कोणता कोणता हे न कळता ऐकावा. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखलं, तर ते नुसत्या अंदाजाने जमण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. तुकड्यात ठळक 'टक्' आवाज नसावा; नाहीतर कान संगीत सोडून तोच धरतो.

स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज आहे याचं चित्र, तेही बघावं, पण बेताने विश्वास ठेवून. १६ किलोहर्ट्झवर भिंत घातल्यासारखा आवाज तुटत असेल, तर मागे एमपी३ असल्याचा दाट संशय घ्यावा. जुन्या टेपचा उतार हळूहळू होतो. उलट २२ किलोहर्ट्झच्या वर काही दिसलं म्हणून मूळ अ‍ॅनालॉग ठरत नाही, कारण सुई आणि खाच यांच्या विकृतीतूनही तिथे स्वर उमटतात. डायनॅमिक रेंज (लहान-मोठ्या आवाजांतलं अंतर) मोजणाऱ्या मीटरचंही तेच : कोरण्यात आणि वाजवण्यात फेज (लहरींचा एकमेकींशी असलेला मेळ) सरकतो, लहरींची शिखरं बदलतात, आणि चेपून सपाट केलेलं ध्वनिमुद्रणही रेकॉर्डवरून मोजलं की काही डेसिबलने 'बरं' दिसतं. अमेरिकेतल्या काही जुन्या ध्वनिमुद्रणांत १५,७३४ हर्ट्झवर एक बारीक रेघ सापडते. ती स्टुडिओतल्या टीव्ही पडद्याची शिटी. ती जागेवर असेल, तर टेपचा वेगही बरोबर होता असं समजायला हरकत नाही.

ती रेघ दर १.८ सेकंदांनी वरखाली डुलत असेल, तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डला एका फेरीला तेवढाच वेळ लागतो. भोक अर्धा मिलिमीटर सरकलं, तर केंद्रापासून ६० मिलिमीटरवरच्या आतल्या गाण्यात सूर दोन्हीकडे ०.८ टक्के, म्हणजे सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) हलतो. बाहेरच्या कडेला निम्म्याहून कमी. तालवाद्यांत हे लपतं, पियानोच्या लांब स्वरात किंवा तानपुऱ्यात लपत नाही. बघायची खूण सोपी : टोनआर्म (सुई धरणारा दांडा) प्रत्येक फेरीत आडवा डुलतो.

आतल्या गाण्यांची दुसरी अडचण भूमितीची. कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर सरकते, आत २१. १० किलोहर्ट्झची लहर तिथे २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते आणि गोल सुईचं टोक साधारण १५-१८ मायक्रॉन त्रिज्येचं. म्हणून गायनातला 'स' फुटतो. हा दोष आवृत्तीच्या माथी मारण्याआधी सुई आणि तिची मांडणी तपासावी. १८० ग्रॅम वजनाने यात काहीच फरक पडत नाही, खाच तेवढीच असते. पिक्चर डिस्क, म्हणजे चित्र छापलेली रेकॉर्ड, मात्र दिसायलाच घ्यावी. तिची खाच चित्रावरच्या पातळ पारदर्शक थरात उमटलेली असते आणि पृष्ठभाग बहुधा खरखरतो.

खरखर कोणती, हेही ओळखावं. स्थिरविद्युतीची कार्बन ब्रशने कमी होते, धुळीची धुतल्यावर. एका बाजूच्या स्पीकरमधून कापड फाटल्यासारखा आवाज येत असेल आणि तिरप्या प्रकाशात खाचांवर निस्तेज ठिपके दिसत असतील, तर तो 'नॉन-फिल' : छपाईत प्लास्टिक खाचेत पुरतं भरलंच नाही. तो धुऊन जात नाही, पण प्रतीगणिक बदलतो, म्हणून बदलून घेण्यात अर्थ आहे. भोकाचं तसं नाही. पुष्कळदा साचाच मध्य चुकवून बसवलेला असतो, आणि ५०० प्रतींची आवृत्ती बहुधा त्या एकाच साच्यावर निघालेली असते. अशा वेळी बदली प्रत न मागता पैसे परत मागावेत.