आत वळलेला राग: एका गृहीतकाची परीक्षा

नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, असे आजही सहज बोलले जाते. या कल्पनेचे मूळ मनोविश्लेषणात, म्हणजे मनातल्या सुप्त प्रेरणा उकलून आजार समजून घेण्याच्या पद्धतीत आहे: कार्ल अब्राहम यांच्या १९११ च्या आणि या पद्धतीचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या १९१७ च्या निबंधात. शोकात जग ओकेबोके वाटते, विषादात, म्हणजे खोल नैराश्यात, माणूस स्वतःच पोकळ होतो आणि स्वतःला बोल लावत राहतो, हे फ्रॉइड यांनी टिपले. ते बोल नीट ऐकले तर बहुधा गमावलेल्या व्यक्तीला लागू पडतात, म्हणजे तिच्यावरचा राग स्वतःवर वळलेला असतो, असे त्यांचे म्हणणे. निरीक्षण विलक्षण होते, पण त्याला आधार मोजक्याच रुग्णांचा होता. आपले निष्कर्ष सर्वांना लागू आहेत असा दावा करत नाही, हे फ्रॉइड यांनी सुरुवातीलाच लिहून ठेवले होते. पुढच्या पिढ्यांना तेवढाच भाग आठवला नाही.

खरी अडचण पडताळणीची होती. राग दिसला तर सिद्धांत बरोबर. दिसला नाही तर राग दडपलेला, म्हणून सिद्धांत पुन्हा बरोबर! हा पेच फोडण्याचा प्रयत्न एका मनोविश्लेषकानेच केला, हे मला फार मोलाचे वाटते. फिलाडेल्फियातले ॲरन बेक १९५० च्या दशकाच्या अखेरीस फ्रॉइड यांचे म्हणणे सिद्ध करायला निघाले होते. जागेपणी दडपलेला राग स्वप्नांत तरी उघडा पडेल, म्हणून त्यांनी निराश रुग्णांची आणि इतर रुग्णांची स्वप्ने ताडून पाहिली. निराश रुग्णांच्या स्वप्नांत राग जास्त नव्हताच. तिथे हरणे होते, नाकारले जाणे होते, हाती आलेले निसटणे होते.

बेक यांनी आधी सिद्धांत सावरून धरला: या माणसांना दुःख भोगण्याची सुप्त गरज असावी. मग तेही तपासले. तसे असते तर यशाने ते अस्वस्थ व्हायला हवे होते. पण प्रयोगात यश मिळाल्यावर त्यांची उमेद आणि आत्मविश्वास वाढला. तेव्हा बेक यांनी वाट बदलली आणि रुग्णाच्या विचारांच्या सवयी तपासून बदलणारी बोधात्मक उपचारपद्धती उभी राहिली. राग आतच वळतो, हेही खरे ठरले नाही: १९७४ मध्ये मर्ना वाइसमन आणि युजीन पेकेल यांनी दाखवले की नैराश्यातल्या स्त्रियांचा राग घरच्यांवर, विशेषतः मुलांवर, उघडपणे निघतो.

पण म्हणून सगळे मनोविश्लेषण कोसळले असे नाही. ताटातुटीचा धागा टिकला. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांच्या लंडनमधल्या अभ्यासात (१९७८) अकराव्या वर्षाआधी आई गमावलेल्या स्त्रिया संकटात नैराश्याला अधिक बळी पडताना दिसल्या. पुढच्या संशोधनात मात्र आईच्या जाण्यापेक्षा नंतर झालेली आबाळ अधिक निर्णायक ठरली. आत्मदोषाचा धागाही टिकला: येल विद्यापीठाच्या सिडनी ब्लॅट यांनी परावलंबी आणि आत्मटीका करणारे असे नैराश्याचे दोन प्रकार मांडले आणि १९७६ मध्ये ते मोजणारी प्रश्नावली दिली.

२०१५ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधल्या चाचणीचे निष्कर्ष आले. इतर उपचारांना दाद न देणारे १२९ रुग्ण; एका गटाला १८ महिन्यांचे मनोविश्लेषणात्मक उपचार, दुसऱ्याला फक्त नेहमीचे. उपचार संपताना पूर्ण बरे झालेले दोन्ही गटांत थोडेच होते. त्यानंतर दोन वर्षांनी मात्र मनोविश्लेषणात्मक उपचार घेतलेल्यांपैकी ४४ टक्के आणि नेहमीचेच उपचार चालू असलेल्यांपैकी १० टक्के तीव्र नैराश्याच्या निकषांबाहेर होते. त्यातून उपचाराचा उपयोग कळतो. रुग्ण फ्रॉइड यांनी सांगितलेल्या कारणानेच बरे झाले का, हे या आकड्यांतून ठरत नाही.