कालबाह्य ब्राउझर आणि कार्यालयीन सुरक्षा : ठाणे व नवी मुंबई

उत्पादकाने सुरक्षा-सुधारणा देणे थांबवलेला, किंवा सुधारणा उपलब्ध असूनही ती ज्यात लागू झालेली नाही, असा ब्राउझर कालबाह्य समजला जातो. पहिला प्रकार लगेच ओळखू येतो. दुसरा सहज नजरेतून सुटतो, कारण असा ब्राउझर दिसतो तसाच आणि चालतोही व्यवस्थित.

वागळे इस्टेटमधील वर्कशॉप, महापे-रबाळे-तुर्भे पट्ट्यातील कारखाने, वाशी-बेलापूरमधील सीए फर्म आणि न्हावा शेवा बंदराशी काम असणारी कस्टम ब्रोकरांची ऑफिसे येथे जुना ब्राउझर बहुधा एखाद्या अडलेल्या कामासाठी ठेवलेला असतो. सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या जुन्या डीव्हीआरचे पान ॲक्टिव्ह-एक्स हे इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालणारे जोड-सॉफ्टवेअर मागते, हजेरीच्या यंत्राचे सॉफ्टवेअर फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडते, किंवा डिजिटल सहीचे जुने जावा-प्लगइन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) नव्या ब्राउझरमध्ये चालत नाही. क्रोमने अशा प्लगइनचा आधार २०१५ मध्ये काढून टाकला. ॲनिमेशन आणि व्हिडिओसाठीचे फ्लॅश हे प्लगइन २०२० अखेर बंद झाले. इंटरनेट एक्सप्लोरर ११ हे स्वतंत्र ॲप १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाले. ते एक काम चालू राहावे म्हणून पीसी जसाच्या तसा ठेवला जातो आणि मग त्याच पीसीवर ईमेल, बँक आणि जीएसटीही उघडले जाते. खरा धोका या सरमिसळीत आहे.

सुधारणा जाहीर होताच जुन्या आवृत्तीचा धोका वाढतो. क्रोम, एज, ब्रेव्ह या सर्वांचा पाया असलेल्या क्रोमियमचा सोर्स कोड खुला आहे. दुरुस्ती त्यात नोंदली गेली की जुन्या-नव्या कोडची तुलना करून दोष नेमका कुठे होता हे हल्लेखोराला शोधता येते. दुरुस्तीची नोंद आणि ती वापरकर्त्यापर्यंत पोहोचणे यांतले अंतर गूगलच्याच सांगण्यानुसार पूर्वी सरासरी ३५ दिवस होते. ते १५ दिवसांवर आले आणि ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षा-सुधारणा दर आठवड्याला येऊ लागल्या. ऑफिसच्या बाजूने मात्र हे अंतर पुन्हा वाढते. सुधारणा पार्श्वभूमीवर उतरते, पण ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडेपर्यंत ती लागू होत नाही. अकाउंट्सच्या टेबलावर पुन्हा लॉगिन आणि ओटीपीची कटकट नको म्हणून टॅब उघडेच राहतात आणि संध्याकाळी पीसी बंद न करता स्लीपवर टाकला जातो. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातील सूचनेचा रंग अशा वेळी पाहावा. हिरवा म्हणजे सुधारणा येऊन दोन दिवसही झालेले नाहीत, नारिंगी म्हणजे सुमारे चार दिवस, लाल म्हणजे किमान आठवडा.

ब्राउझर नवा असला तरी खालची विंडोज जुनी असेल तर संरक्षण अपुरे राहते. वेब-पानाचा कोड एका बंदिस्त कप्प्यात चालवला जातो आणि त्या कप्प्याच्या भिंती ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधाराने उभ्या असतात. मार्च २०१९ मध्ये क्रोममधील एक दोष आणि विंडोज ७ मधील दुसरा दोष जोडून हल्ला होत असल्याचे गूगलने उघड केले होते. क्रोमसाठी ७२.०.३६२६.१२१ ही आवृत्ती पुरेशी होती, विंडोजची दुरुस्ती त्यानंतर आली. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, त्यामुळे अशा पीसीवर ‘अपडेट करा’ या सल्ल्याला अर्थच उरत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या २२एच२ आवृत्तीवर एजला निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुधारणा मिळतील असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे, पण तेवढ्याने खालची विंडोज सुरक्षित होत नाही.

नुकसान पासवर्डपुरते थांबत नाही. घुसखोर कोडने लॉगिन झालेल्या सत्राच्या कुकी (लॉगिन झाल्याची खूण म्हणून ब्राउझर जपतो त्या छोट्या फाइल) उचलल्या तर ओटीपीचा टप्पा ओलांडला जातो. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनमधून (पेनड्राइव्हसारख्या उपकरणातून) सहीची गुप्त किल्ली बाहेर काढणे अवघड असते. टोकन दिवसभर लावून ठेवलेले आणि पिन एकदा दिलेली असेल, तर किल्ली न चोरताही त्याच पीसीवरून सही करून घेता येते. म्हणून सही झाली की टोकन काढून ठेवावे. ही सवय अनेक महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा उपयोगी आहे.

उपायाची सुरुवात यादीपासून करावी. प्रत्येक पीसीवर तीन ठिपके, हेल्प, अबाउट या वाटेने आवृत्ती पाहून विंडोजच्या आवृत्तीसह लिहून घ्यावी. सुधारणा अडकलेली दिसली तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये गूगल अपडेटची सेवा कोणी बंद केली आहे का ते पाहावे. इंटरनेट वाचवण्यासाठी किंवा पीसी हलका करण्यासाठी ती बंद केलेली आढळते. क्रोमच्या ग्रुप पॉलिसीत (प्रशासकाने पीसींवर लागू करायच्या नियमांत) रीलाँच-नोटिफिकेशन, म्हणजे ब्राउझर पुन्हा सुरू करण्याची सूचना, या सेटिंगचे मूल्य २ ठेवले की ठरावीक मुदतीनंतर ब्राउझर आपोआप पुन्हा सुरू होतो. ही मुदत मिलिसेकंदांत द्यावी लागते. ४८ तासांसाठी १७२८००००० लिहावे. काहीच न लिहिल्यास ती सात दिवस असते.

जुन्या पोर्टलसाठी एजमधील आयई मोड, म्हणजे एजच्या आतच इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या इंजिनात पान उघडण्याची सोय, वापरावा. वापरकर्त्याने स्वतः जोडलेले पान ३० दिवसांनी यादीतून गळते आणि ‘साइट बंद पडली’ अशी तक्रार येते. त्यामुळे प्रशासकाने कंपनीची साइट-यादी पॉलिसीतून द्यावी. यादीत पूर्ण डोमेनऐवजी नेमका पत्ता घालावा, नाहीतर नको ती पानेही जुन्या इंजिनात उघडतात. डीव्हीआरसाठी आधी नवे फर्मवेअर (यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर) किंवा उत्पादकाचे स्वतंत्र क्लायंट-सॉफ्टवेअर आहे का ते पाहावे. नसेल तर एक पीसी त्याच कामाला वेगळा काढून राउटरमध्ये त्याचा इंटरनेट बंद करावा आणि डीव्हीआरसाठी केलेले पोर्ट-फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत येऊ देणारी राउटरमधील वाट) काढून टाकावे.

‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे’ असे सांगून झिप फाइल उतरवायला लावणारे पान बनावट असते. खरी सुधारणा ब्राउझरच्या मेनूतूनच येते. ही गोष्ट कर्मचाऱ्यांना मुद्दाम सांगावी, कारण सुधारणा करण्याची सवय लागलेला माणूसच या सापळ्यात सापडतो.

संशय आल्यास नेटवर्कची केबल काढावी, वाय-फाय बंद करावे आणि दुसऱ्या पीसीवरून पासवर्ड बदलून सर्व सत्रांतून लॉगआउट करावे. डिजिटल सही त्या पीसीवर वापरली असेल तर प्रमाणपत्र रद्द करण्यासाठी ते देणाऱ्या संस्थेला कळवावे. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालये असल्याने तक्रार ऑफिस ज्या हद्दीत आहे तिथल्या सायबर पोलिसांकडे नेणे सोयीचे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी त्यात नमूद केलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि लॉग (संगणक-यंत्रणेतील हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. पीसी फॉरमॅट करण्याची घाई करू नये. हार्डडिस्कची प्रत घेण्याआधी फॉरमॅट केला तर तपासासाठी त्यावर फारसे काही उरत नाही.