डोळ्यातले इंजेक्शन बुबुळात टोचत नाहीत

मधुमेहाने डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आली की डोळ्यात औषधाचे इंजेक्शन देतात. त्याबद्दल गोव्यात डिचोली-फोंड्याकडच्या घरांत एक समज ऐकू येतो: डोळ्याची सुई थेट बुबुळात खुपसतात, ती समोरून येताना दिसते आणि पुढे नजर जाते. या ऐकीव भीतीने माणसे उपचार टाळतात, म्हणून हे लिहितो.

सुई टोचतात पांढऱ्या भागात, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर. तेव्हा दुसरीकडे बघायला सांगतात, त्यामुळे ती सहसा दिसत नाही. आधी बधिर करणारे थेंब घालतात. सुई जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीची, औषध साधारण ०.०५ मिलिलिटर. काही सेकंदांचे काम. नंतरची चुरचूर बहुतेकदा जंतुनाशक पोव्हिडोन-आयोडीनची असते.

मग नजर जाते ती कशाने? बहुतेकदा मधुमेहाने पडद्याला आलेल्या त्या सुजेनेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३च्या अहवालात मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात होते, २६.४ टक्के. माणूस उशिरा येतो किंवा दोन सुयांनंतर थांबतो, आजार वाढतो आणि बोल मात्र इंजेक्शनला लागतो.

भीती मात्र खरी आहे, तिला हसू नये. पहिल्या खेपेआधी ती फार असते. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा, प्रत्येक पायरी आधी बोलून दाखवायला सांगा, हात धरायला कुणी हवे तर मागा.

जंतुसंसर्ग होऊ शकतो, पण क्वचित. पुढच्या काही दिवसांत दुखणे वाढले, लाली वाढली किंवा अंधुक दिसू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.