गाडी लागणे (कोकणातील घाट व सागरी रस्ते)

गाडी लागणे : वळणावळणाच्या रस्त्यावर वाहनात बसलेल्या माणसाला होणारी मळमळ, उलटी, घाम आणि गरगरणे. सह्याद्रीवरून कोकणात उतरणारे घाट आणि रेवस ते रेडी हा सागरी रस्ता ही महाराष्ट्रातली तिची हमखास ठिकाणे. हा आजार नव्हे. आतला कान शाबूत असलेल्या कोणालाही पुरेशी हालचाल मिळाली की हा त्रास होऊ शकतो. कोणाला पाचव्या वळणावर, कोणाला पन्नासाव्या. ज्यांच्या दोन्ही अंतर्कर्णांचे तोल सांभाळण्याचे काम पूर्ण बंद पडले आहे, त्यांना मात्र गाडी लागत नाही. त्याच रस्त्यावर दरी, अरुंद वळणे आणि समोरून येणारी एस.टी. पाहून बसणारी धास्ती ही निराळी बाब आहे. पण घाबरलेल्याला मळमळ लवकर होते आणि मळमळणाऱ्याला रस्ता अधिक भीषण वाटतो, म्हणून दोन्हींचा विचार येथे एकत्र केला आहे.

कारण : अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके फिरल्याची नोंद घेतात, तर शेजारच्या दोन पिशव्यांमधले सूक्ष्म खडे कलणे व सरळ रेषेतला वेग-बदल सांगतात. गाडीत खाली पाहत बसलेल्या माणसाचे डोळे ‘सगळे स्थिर आहे’ असे सांगतात आणि कान ‘आपण डावीकडे फेकले जातोय’ असे सांगतात. हा विसंवाद मेंदूच्या अपेक्षेशी जुळत नाही, तेव्हा मळमळ सुरू होते. चालकाला गाडी क्वचितच लागते, कारण पुढचे वळण त्याला आधी कळलेले असते आणि शरीर त्या तयारीत असते.

हालचाल कोणत्या लयीत होते याला फार महत्त्व आहे. सर्वांत त्रासदायक झोका साधारण ५ सेकंदांत एक फेरी पूर्ण करणारा असतो. घाटात ताशी ३०-४० किमी वेगाने जाताना डावे-उजवे अशी वळणांची जोडी ६ ते १० सेकंदांत पार पडते, म्हणजे गाडी नेमकी त्या लयीच्या आसपास झुलत असते. खड्ड्यांचे हादरे याहून कितीतरी जलद असतात. ते कंबर धरायला लावतात, पण मळमळ त्यांच्यामुळे फारशी होत नाही. मुंबई-गोवा महामार्गाला शिव्या देत निघालेला प्रवासी खड्ड्यांत ठणठणीत राहतो आणि वळणांच्या गुळगुळीत नव्या डांबरावर आडवा होतो, तो यामुळे.

वेगाचा हिशेब : वळणावर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. डोंगरी रस्त्यांच्या भारतीय मानकांत हेअरपिन वळणाची (रस्ता जवळजवळ उलटा फिरवणाऱ्या वळणाची) आतली त्रिज्या किमान १४ मीटर धरतात. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किमी वेगाला हा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक पंचमांश असतो. ताशी ३० किमीला तो जवळजवळ निम्मा होतो. वेग दीडपट, तर त्रास सव्वादोन पट. उलट कोकण रेल्वेच्या मार्गावरील वळणांची त्रिज्या १,२५० मीटरपेक्षा कमी ठेवलेली नाही, त्यामुळे ताशी १०० किमी वेगातही हा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सहा टक्क्यांच्या आसपासच राहतो. ज्याला गाडी हमखास लागते त्याने शक्य असेल तेथे १९९८ पासून पूर्ण सुरू असलेली ही रेल्वे धरावी आणि रस्त्याचा प्रवास स्टेशनपासून मुक्कामापर्यंतच ठेवावा. गोळ्या, आले, लिंबू यांपैकी कशाचाही उपयोग एवढा होत नाही.

रस्त्याची घडण : नकाशावर किनाऱ्याचा रस्ता सरळ दक्षिणोत्तर दिसतो आणि त्यामुळे लोक फसतात. कोकणची किनारपट्टी जांभ्या दगडाच्या सपाट सड्यांची, म्हणजे पठारांची, आहे आणि खाड्यांनी हे सडे जागोजागी कापलेले आहेत. रस्ता सड्यावर आला की काही किलोमीटर सरळ धावतो, मग वेड्यावाकड्या वळणांनी खाडीपाशी उतरतो, पूल किंवा फेरीबोट ओलांडतो आणि पुन्हा तितकीच वळणे घेत वर चढतो. दापोली ते गुहागर, जयगड ते रत्नागिरी, विजयदुर्ग ते मालवण या सगळ्या टप्प्यांत हेच. म्हणून औषध, थांबा आणि जेवण यांची आखणी किलोमीटर मोजून न करता अशा उतार-चढांवर करावी : सड्यावर पोचल्यावर थांबावे, उतरण सुरू होण्याआधी थांबावे.

आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ या फेरीबोटी खाडीच्या मुखावरचे मोठे वळसे वाचवतात. बोट धक्क्याला लागेपर्यंतचा वेळ गाडीतून उतरून वाऱ्यावर उभे राहण्यासाठी वापरावा. गाडीच्या काचा लावून आत बसून राहणाऱ्याला गाडी आणि बोट दोन्ही लागतात. मुंबईहून अलिबागकडे जाताना भाऊचा धक्का ते मांडवा ही गाड्या नेणारी रो-रो बोट २०२० पासून आहे. तिच्यातही खालच्या मजल्यावर न थांबता वर, बोटीच्या मध्यभागी बसावे.

देशावरून उतरताना घाट निवडता येतो. महाबळेश्वर ते पोलादपूर हा आंबेनळी घाट सुमारे १,३५० मीटर उंचीवरून जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत आणतो आणि त्याची वळणे संपता संपत नाहीत. पोट नाजूक असणाऱ्याने सहलीची सुरुवात याने करू नये. भोरहून महाडला उतरणारा वरंधा अरुंद आहे आणि पावसाळ्यात बहुधा बंद असतो. पुण्याहून रायगड जिल्ह्याकडे ताम्हिणी, कऱ्हाडहून चिपळूणला कुंभार्ली, कोल्हापूरहून रत्नागिरीला आंबा, राधानगरीवरून कणकवलीला फोंडा, गगनबावड्याहून वैभववाडीला करूळ, तर बेळगाव-आजऱ्याकडून सावंतवाडीला आंबोली. महामार्गावर पोलादपूर आणि खेड यांच्यामधला कशेडी घाट सुमारे २ किमीच्या बोगद्याने टाळता येतो. कान बंद होणे हा उंची बदलल्याचा परिणाम आहे; त्याचा मळमळीशी संबंध नाही. आवंढा गिळल्याने किंवा मुलांना चघळायला काही दिल्याने कान मोकळे होतात.

बसण्याची जागा : छोट्या गाडीत पुढची डावी जागा उत्तम. मागे बसावे लागले तर मधल्या जागेतून समोरचा रस्ता दिसतो, पण तेथेही पट्टा लावता आला पाहिजे. सात-आठ आसनी गाडीची शेवटची रांग पाहुण्यांच्या मुलांना द्यायची पद्धत आहे, आणि पहिली उलटी तिथेच होते. ती रांग मागच्या चाकांवर किंवा त्यांच्या मागे येते, वळणावर झोलही तेथे जास्त, शिवाय पुढचे काहीच दिसत नाही. एस.टी.तही मागच्या चाकांच्या पलीकडची आसने टाळावीत आणि पुढच्या अर्ध्या भागातली खिडकी धरावी. वातानुकूलित बसच्या खिडक्या उघडत नाहीत. ज्यांना चेहऱ्यावर वारा लागला की बरे वाटते, त्यांना कोकणातली साधी लाल गाडी अधिक मानवते.

नजर दूर रस्त्याच्या टोकाला ठेवावी. डोके मागे टेकवून स्थिर धरावे. वळण घेताना चालक नकळत डोके वळणाच्या आतल्या बाजूस झुकवतो, तर प्रवाशाचे डोके बाहेर कलते. प्रवाशाने जाणीवपूर्वक चालकासारखे केल्यास त्रास कमी होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. हे उजव्या वळणावर उजवीकडे, डाव्यावर डावीकडे, अगदी हलके करावे. मोबाईल बंद. ‘पुढे डावीकडे वळा’ सांगण्यासाठी नकाशा धरून बसलेला माणूस बहुधा पहिला बळी असतो. काहीच जमले नाही तर डोळे मिटून मागे रेलावे. झोप लागली तर उत्तमच.

मुले : दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी क्वचित लागते, शाळकरी वयात त्रास सर्वाधिक असतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होतो. मुलाला ‘मळमळतंय’ हा शब्द सापडत नाही. बडबड करणारे मूल अचानक गप्प झाले, जांभया देऊ लागले, सारखा आवंढा गिळू लागले, ओठांभोवती पांढरे पडले, तर पुढच्या दहा मिनिटांत काय होणार ते ओळखावे. खिडकीपर्यंत नजर पोचेल असे उंच आसन दिल्यास फरक पडतो. मांडीवर आडवे झोपवलेल्या मुलाला उलटी होताना लगेच उठवून पुढे वाकवावे, नाहीतर ठसका लागतो.

अर्धशिशी असलेल्यांना, गरोदर स्त्रियांना आणि पाळीच्या दिवसांत अनेकींना त्रास वाढतो.

खाणे व वास : उपाशीपोटी निघणे हा सर्वांत रुजलेला गैरसमज. रिकामे पोट अधिक ढवळते. निघण्याआधी दीड-दोन तास इडली, कमी तेलाचे पोहे किंवा भाकरीचा तुकडा पुरे. मिसळ, वडापाव आणि त्यावर चहा घेऊन लगेच घाट उतरू नये. परतीच्या प्रवासात तर मासळीचे ताट चेपून थेट घाट चढायला घेतात. निदान तासभर थांबावे. वाटेत पाणी किंवा कोकम सरबत घोट-घोट घ्यावे.

आरशाला टांगलेली सुगंधाची बाटली आदल्या दिवशीच काढून टाकावी. बंद काचांत मोगऱ्याचा गजरा, डॅशबोर्डवरची उदबत्ती, डिझेलचा धूर यांपैकी एकही पुरतो. मे महिन्यात गावाहून निघताना डिकीत पिकलेला फणस आणि सुक्या मासळीची पिशवी असतेच. फणस टपावर बांधावा, मासळी झाकण घट्ट लागणाऱ्या डब्यात न्यावी. एसी आतलीच हवा फिरवत असेल तर बाहेरची हवा घेणारे बटण लावावे.

औषधे : महाराष्ट्रात सर्वाधिक घेतली जाणारी गोळी म्हणजे अवोमिन, अर्थात प्रोमेथाझिन थिओक्लेट २५ मिग्रॅ. प्रौढांनी लहान प्रवासासाठी एक ते दोन तास आधी, लांबच्या प्रवासासाठी आदल्या रात्री झोपताना एक घ्यावी. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना अर्धी. त्याहून लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, दोन वर्षांखाली मुळीच नाही. हिने झोप येते, तोंड कोरडे पडते आणि त्वचा उन्हाला नाजूक होते. गोळी घेऊन दुपारी किनाऱ्यावर पडून राहणे टाळावे. गोळी घेतलेल्याने गाडी चालवू नये, दारू घेऊ नये. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टर. डायमेनहायड्रिनेट ५० मिग्रॅ. अर्धा ते एक तास आधी घेतात, मेक्लिझिन २५ ते ५० मिग्रॅ. एक तास आधी. गुंगी यांनीही येते. ओंडानसेट्रॉन उलट्यांवर नावाजलेले असले तरी गाडी लागण्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

गोळी नेहमी फसते ती वेळेमुळे. मळमळ सुरू झाली की जठराचे काम मंदावते आणि गिळलेली गोळी तिथेच पडून राहते, किंवा बाहेर येते. घाटाच्या तोंडाशी टपरीवर थांबून घेतलेली गोळी खाली उतरल्यावर काम सुरू करते आणि मग माणूस मुक्कामी जाऊन झोपतो.

आल्याबद्दलचे पुरावे संमिश्र आहेत, पण अपाय नाही. आलेपाकाची वडी चघळावी. लिंबू हुंगणे, लवंग, आवळासुपारी यांनी तोंडाची चव सुधारते, काहींना तेवढ्यानेही भागते. पोटावर वर्तमानपत्र बांधणे किंवा त्यावर बसणे याला काही आधार नाही. वर्तमानपत्राचा खरा उपयोग पिशवीच्या तळाशी घालण्यापुरता.

उलटी होताना : एकात एक घातलेल्या, भोके नसलेल्या दोन पिशव्या प्रत्येकाच्या हाताशी असाव्यात, डिकीत नव्हे. चालत्या एस.टी.च्या खिडकीतून डोके बाहेर काढू नये. घाटात समोरची गाडी हातभर अंतरावरून जाते. वाहकाला सांगितले तर तो पिशवी देतो किंवा रुंद जागी गाडी थांबवतो. खासगी गाडीही वळणावर न थांबवता पुढच्या मोकळ्या पट्ट्यात घ्यावी. नंतर चूळ भरून १५ मिनिटे काही पिऊ नये, मग एकेक घोट. उलट्या वारंवार झाल्या तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ घालून द्यावे. गाडीतून उतरून काही तास गेल्यावरही उलट्या चालू असतील, किंवा तीव्र डोकेदुखी, छातीत दुखणे असे काही सोबत असेल, तर ती गाडी लागणे समजू नये.

चालकाची जबाबदारी : ब्रेक वळणाआधी सरळ रस्त्यावर लावावा, वळणात हलका व एकसारखा वेग ठेवावा आणि वळण पूर्ण सुटल्यावरच वाढवावा. चढताना ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा. सतत ब्रेक दाबल्याने ते तापतात आणि प्रत्येक दाबाला प्रवाशांच्या माना हलतात. विजेवरच्या गाडीत पाय उचलताच वेग झपकन कमी होतो, त्याचाही त्रास होतो; पाय हळूहळू उचलावा. पुढच्या ट्रकच्या मागे चिकटून जाणे सर्वांत वाईट, कारण मग दर दहा सेकंदांनी ब्रेक-वेग-ब्रेक चालते आणि धूरही आत येतो.

भीती वाटणाऱ्यांसाठी : भारतात वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना समुद्राची कड उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या बाजूला राहते. दिवेआगर ते श्रीवर्धन किंवा आरे-वारे अशा समुद्राला खेटून जाणाऱ्या रस्त्यांवर भित्र्या माणसाने दक्षिणेकडे जाणे सोयीचे. परतीला आतला महामार्ग घ्यावा. हेअरपिनच्या घाटात ही युक्ती चालत नाही, तिथे दरी दर वळणाला बाजू बदलते.

उतारावर इंजिनाचा आवाज चढला की काही बिघडले असे वाटते. तो खालच्या गिअरचा आवाज असतो आणि गाडी काबूत असल्याची खूण. रबर जळल्यासारखा वास मात्र ब्रेक किंवा क्लच तापल्याचा. थांबून गार होऊ द्यावे. अरुंद जागी उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची असा नियम आहे, म्हणून समोरचा थांबला नाही तर तो दांडगाई करतोच असे नाही. श्वास जलद झाल्याने बोटांना मुंग्या येतात आणि जीव घाबरा होतो. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर असा श्वास काही मिनिटे घ्यावा. चालकाला ‘हळू, हळू’ असे दर वळणावर म्हणू नये, त्याचे लक्ष उडते. निघण्याआधीच वेग, थांबे आणि ‘थांबव’ म्हटल्यावर कुठे थांबायचे हे ठरवून घ्यावे. जून ते सप्टेंबरात दरडी आणि आंबोलीसारख्या घाटातले दाट धुके असते. तेव्हा दिवसाउजेडी घाट पार होईल असे निघावे.

सवयीने त्रास कमी होतो. रोज घाट करणारे वाहक त्यामुळेच उभ्याने तिकिटे फाडू शकतात. सलग काही दिवस वळणांवर प्रवास केला की मेंदू जुळवून घेतो, मात्र काही महिन्यांचा खंड पडला की ही सवय बरीचशी मोडते. गणपतीला एकदाच गावी जाणाऱ्याने मागच्या वर्षी बरे गेले म्हणून पिशवी घरी ठेवू नये.