किराळ वेगळी, नायट्रेटची विषबाधा वेगळी

चारा खाऊन तासा-दोन तासांत जनावर आडवं पडलं की सगळ्यांच्या तोंडी एकच: ‘किराळ लागली.’ चारा ज्वारीचा असो, मक्याचा असो, नाहीतर बाजरीचा. अहो, किराळ म्हणजे ज्वारीतल्या धुरीन नावाच्या द्रव्यातून सुटणाऱ्या विषाची बाधा. बाजरीत धुरीन नसतंच, मग किराळ लागेल कुठून? तिथे आधी संशय घ्यायचा तो नायट्रेटचा.

किराळ बहुतेकांना माहीत असते. ज्वारीचे कोवळे पोंगे, कापणीनंतरचे फुटवे, पाण्याचा ताण बसलेलं पीक. चावल्यावर धुरीनमधून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. नत्र जास्त आणि स्फुरद कमी पडलं की धुरीन वाढतं. बस्स.

घोळ होतो कारण ताण आणि युरिया दोन्हींकडे दोषी. पण नायट्रेट हे झाडाचं नेहमीचंच अन्न. मुळं ते उचलतात, पानांत त्याची प्रथिनं होतात. ताण किंवा सलग ढगाळ हवेने हे काम रखडलं, गंधक कमी पडलं, की नायट्रेट साठतं, तेही खोडाच्या बुडख्यात. कोठीपोटात त्याचं नायट्राइट होतं आणि ते रक्तात उतरतं.

आता माझा खरा राग. ‘चारा वाळवा, विष उडून जातं’ हा सल्ला सरसकट दिला जातो. किराळीपुरता तो बऱ्याच अंशी बरोबर आहे, कारण हायड्रोसायनिक आम्ल वायू होऊन उडतं. नायट्रेट मात्र क्षार आहे, तो उडत नाही. हिरव्या ताटात होता तेवढाच वाळलेल्या पेंढीत राहतो आणि महिन्यांनंतरही जनावर पाडू शकतो. वाळवलं म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाच्या गोठ्यात हे घडतं, ते मला बघवत नाही. नायट्रेटवर उपाय म्हणजे बुडखा वीतभर सोडून वरून कापणं आणि ताणानंतर पाऊस पडला तर आठवडाभर विळा न लावणं. मुरघासात ते बरंच कमी होतं, पण पूर्ण जाईलच असं नाही. संशय असेल तर चारा प्रयोगशाळेत तपासून घ्या. कोरड्या वजनावर 1 टक्क्याच्या वर नायट्रेट असेल तर नुसता तोच चारा मी कधीच घालणार नाही.

दुसरी चूक उपचारात होते. पांढऱ्या कापडावर रक्ताचा थेंब घ्या. लालभडक असेल तर किराळ: रक्तात प्राणवायू आहे, पण पेशींना तो वापरता येत नाही. चॉकलेटी असेल तर नायट्रेट: रक्ताला प्राणवायू वाहताच येत नाही. किराळीवर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, नायट्रेटवर मेथिलीन ब्लू. नायट्रेटने पडलेल्या जनावराला किराळीचं इंजेक्शन दिलं तर आणखी नायट्राइटच अंगात जातं. म्हणून पशुवैद्यकांना फोन करताना ‘किराळ लागली’ म्हणू नका. चारा कोणता, कापून किती दिवस झाले आणि हिरड्या लाल की तपकिरी, एवढं सांगा.