दावा दाखल करणे (ग्रामीण विदर्भ)

दिवाणी न्यायालयात वादपत्र (दाव्याची लेखी मागणी) सादर करून हक्काची मागणी सुरू करणे. विदर्भातील खेड्यांत याला ‘केस टाकणे’ म्हणतात. मात्र वकिलाची नोटीस पाठवली किंवा ठाण्यात तक्रार दिली, तरी ‘केस टाकली’ असेच सांगितले जाते. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 26 नुसार दावा सुरू होतो तो वादपत्र सादर झाल्यावरच.

हा घोळ कास्तकाराला फार महागात पडतो. शेजाऱ्याने धुरा (बांध) कोरून वावराची (शेताची) पट्टी आपल्यात ओढली, तर मालकीच्या आधारे ताबा परत मागण्यास मुदत अधिनियम, 1963 प्रमाणे 12 वर्षे मिळतात. ती शेजाऱ्याचा ताबा मालकाच्या हक्काला प्रतिकूल झाल्यापासून मोजतात. दरवर्षी पेरणीला भांडण झाले, पंच बसले, नोटीस गेली, तरी मुदत थांबत नाही. ती उलटली की प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी न्यायालयाला दावा फेटाळावा लागतो, आणि त्या पट्टीवरचा हक्कही संपतो. शासनाविरुद्ध दावा असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तेवढा काळ मात्र मुदतीतून वगळला जातो.

जमिनीचा दावा जमीन जिथे आहे तिथल्या न्यायालयात चालतो. वादपत्रात वादाचे कारण केव्हा व कसे घडले आणि नेमके काय हवे, हे लिहावे लागते. मौजा, गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा यांत चूक राहिली, तर हुकूमनामा (न्यायालयाचा निकालाचा आदेश) हाती येऊनही ताब्याच्या वेळी अडते. सातबारा जोडतात, पण तो मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. धुऱ्याच्या वादात भूमी अभिलेखाकडून आधीच मोजणी करून घेणे हिताचे. पुढे समन्स निघते. प्रतिवादीला लेखी जबाबासाठी 30 दिवस असतात, ते 90 पर्यंत वाढू शकतात.

वावरात जाण्यासाठी दुसऱ्याच्या धुऱ्यावरून वाटेचा हक्क सांगायचा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. त्याचा निर्णय मान्य नसल्यास एक वर्षात दिवाणी दावा लावता येतो. त्याआधी गावचा वाजिब-उल-अर्ज (गावातील रूढी-हक्कांची महसुली नोंद) काढून पाहावा. जुन्या वहिवाटीची नोंद त्यात सापडू शकते.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ या म्हणीने वाट अडलेल्या माणसाचे पीक घरी येत नाही. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मागता येतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा असतो.