ग्रामपंचायतीला उभं राहायचंय? कागद आत्तापासून जमवा

गावचं पाणी, गटार, दिवाबत्ती हे सगळं ग्रामपंचायतीच्या हातात असतं. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, त्यानंतर वित्त आयोगाचा निधीही गावापर्यंत येऊ लागला. तो नीट खर्च व्हावा असं वाटणाऱ्या चांगल्या माणसांनी उभं राहायलाच हवं. पण निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला की अर्जासाठी मोजके दिवस मिळतात आणि कागदांवाचून त्यांचीच धावपळ होते.

पात्रता सोपी आहे. वय २१ पूर्ण हवं आणि त्याच गावच्या मतदार यादीत नाव हवं. ही यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या तारखेनंतर नाव नोंदवलं, तर त्या निवडणुकीत उपयोग नाही. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सरपंचपदासाठी सातवी पास असावं लागतं.

माणसं अडकतात ती महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये, म्हणून ते नीट समजून घ्या. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल, तर अपात्रता येते. एका मुलानंतर जुळी झाली, तर ते बाळंतपण एकच धरतात. घरपट्टी-पाणीपट्टीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही, तरी पद जाऊ शकतं. सरकारी किंवा गायरान जमिनीवरचं अतिक्रमण तर सगळ्यात घातक. ते वडिलांनी केलं असलं आणि तुम्ही तिथे राहत असलात, तरी सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं. विरोधक याच मुद्द्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतात, तोही तुम्ही निवडून आल्यावर.

अर्जासोबत गुन्हे आणि मालमत्तेचं घोषणापत्र लागतं. थकबाकी नसल्याचा आणि शौचालय वापराचा दाखला आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) घेऊन ठेवा. निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळं खातं उघडा. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवणारा, त्या प्रभागाचा मतदार असावा. उमेदवार मात्र गावातल्या दुसऱ्या प्रभागाचा चालतो. अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरून, त्याची सही केलेली प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे मुदतीत द्यायची असते. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म लागत नाही, कारण इथे पक्षचिन्हच नसतं.

राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर पडताळणी समितीकडे केलेल्या अर्जाची पावती आणि हमीपत्र जोडायची मुभा दिली जाते. त्या-त्या निवडणुकीची मुदत तहसील कार्यालयात विचारून घ्या. मुदतीत वैधता आली नाही, तर निवड आपोआप रद्द होते. समितीकडे वेळ लागतो, पूर्वजांचे शाळेचे दाखले शोधायलाही लागतो. म्हणून आरक्षण सोडत निघाली की लगेच अर्ज टाका.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्या. हे हरलेल्यांनाही लागू आहे. हिशोब दिला नाही, तर पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवता येत नाही.